मोरीच्या पाण्यावरची फुले

ज्या घरात उन्हाळ्यात पाणी घागरींनी मोजले जाते, त्या घराच्या दाराशी फुललेली जास्वंद हा कुणीतरी घेतलेला निर्णय असतो. भांडी घासलेले पाणी नालीत जाऊ द्यायचे की आळ्यात वळवायचे, तांदूळ धुतलेले पाणी फेकायचे की गुलाबाच्या बुडाशी ओतायचे, हे त्या घरात रोज ठरते, आणि ठरवणारी बहुतेक वेळा घरातली बाई असते. अंगणात दिसणारा रंग तिच्या या रोजच्या ठरवण्यातून आलेला असतो. त्या रंगाचे छायाचित्र कसे घ्यावे आणि का घ्यावे, हा या पुस्तकाचा विषय आहे.

या पुस्तकातली अंगणे तामलवाडीची. तामलवाडी हे तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचे गाव. राष्ट्रीय महामार्ग ५२ वरून जाणाऱ्यांना ते टोलनाक्यामुळे माहीत असते. सोलापूर सोडून साधारण निम्मी वाट सरली की हे गाव येते. पुढे बालाघाटाची रांग दिसू लागते आणि घाट चढून गेले की तुळजापूर. जमीन कुठे काळी, कुठे मुरमाड. पाऊस मृगात येईल असे धरून चालायचे आणि हस्तापर्यंत वाट पाहायची, ही इथली रीत. १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसे गावोगाव आहेत, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तो उन्हाळा तर आजच्या तरुणांनीही अंगावर काढलेला आहे. धान्य देत नाही, चारा देत नाही, असे झाड इथे जगवायचे तर त्यामागे मनापासूनची ओढ लागते.

फुलांच्या छायाचित्रणाची माझ्या हाती लागलेली बहुतेक पुस्तके पावसाच्या, धुक्याच्या देशांतली आहेत. ढगाळ दिवसाची वाट पाहा, पाकळ्यांवर पाण्याचा फवारा मारा, असा सल्ला त्यांत असतो. इथे मार्च ते मे आभाळ कोरडे असते, आणि फवाऱ्यातले पाणी मुळाला दिलेले बरे असते. म्हणून इथल्या माणसाला हा विषय स्वतःच्या अंगणापासूनच मांडावा लागतो.

तेव्हा आधी अंगण. अशा गावात बाग म्हणून वेगळे राखलेले आवार क्वचितच असते. झाडे पाण्याच्या वाटेने बसलेली असतात. न्हाणीचे पाणी जिथे बाहेर पडते तिथे कर्दळ, अळू, एखादी केळ. भांडी घासायच्या दगडाजवळ जास्वंद किंवा गावठी गुलाब. हौदाच्या कडेला गुलबक्षी, जी एकदा लावली की पुढे बी पडून आपली आपण उगवत राहते. दारापुढे तुळस आणि तिच्या आसपास पावसाळ्यात तेरडा, मग झेंडू, मग शेवंती. फाटकावर बोगनवेल, कारण तिला पाणी कमी लागते. पाण्याचा थोडा ताण बसला की ती उलट जास्त बहरते. भिंतीच्या फटीत सदाफुली, जी तिथे कुणीच लावलेली नसते. आणि तेलाच्या १५ किलोच्या डब्यांत, रंगाच्या रिकाम्या बादल्यांत, फुटक्या माठाच्या बुडात जे मावेल ते: मोगरा, अबोली, चिनी गुलाब. छायाचित्रे काढायला निघालेल्याने कॅमेरा बाजूला ठेवून आधी ही पाण्याची वाट पायांनी चालून पाहावी. कोणते झाड कोणत्या पाण्यावर जगते हे कळले की ते दिवसात कधी टवटवीत असेल आणि कधी मान टाकेल हेही कळते. धुणे-भांडी आटोपल्यावर पाणी मुरलेल्या आळ्यातली कर्दळ आणि दुपारी तीनची तीच कर्दळ यांत फार अंतर असते.

या मंडळींतली कितीतरी दूरदेशची आहेत. झेंडू मूळ मेक्सिकोकडचा. तिथले लोक नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत आपल्या मृतांच्या स्मरणासाठी त्याच केशरी फुलांच्या राशी मांडतात. गुलबक्षी आणि चिनी गुलाब अमेरिका खंडांतले. सदाफुली मादागास्करची, तिच्या रसातून कर्करोगावरची औषधे निघाली. बोगनवेलीची नोंद कोमर्सों या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६७ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर केली आणि तिला त्याच्या सागरी मोहिमेच्या प्रमुखाचे नाव मिळाले. ज्या झाडाला घरोघरी ब्रह्मकमळ म्हणतात तेही मध्य अमेरिकेकडचे निवडुंग आहे. हिमालयातले ब्रह्मकमळ वेगळे. आता मात्र ती सगळी इथलीच आहेत. झेंडूवाचून दसरा होत नाही.

गावातल्या फुलाला झाडावर फार वेळ मिळत नाही, ही गोष्ट शहरातून येणाऱ्या छायाचित्रकाराच्या लक्षात उशिरा येते. जास्वंद गणपतीला, पांढरी कण्हेर आणि तगर महादेवाला, आणि देवीच्या मुलखात लाल-पिवळे जे असेल ते देवीला. सडा पडतो न पडतो तोच फुले तोडली जातात. ज्यांच्या दारी झाड नाही असे शेजारीही परडी घेऊन येतात आणि त्यांना नको म्हणायची पद्धत नाही. उजेड चांगला पडेपर्यंत झाड रिकामे झालेले असते. उपाय एकच: आदल्या संध्याकाळी सांगून ठेवणे. “काकू, त्या खालच्या फांदीवरची दोन फुलं सात वाजेपर्यंत राहू द्या. फोटो झाला की मीच तोडून हातात देतो.” असे सांगितले तर कुणी नाही म्हणत नाही, आणि दिलेला शब्द पाळून फूल खरोखर पूजेच्या आधी पोचवले तर दुसऱ्या दिवशी काकू स्वतःच कळी दाखवायला बोलावतात. तोडलेल्या फुलांचेही फोटो घ्यावेत. परडीत एकावर एक पडलेली जास्वंद, तगर आणि झेंडू ही त्या अंगणाची त्या सकाळची पूर्ण यादी असते.

प्रत्येक फुलाचे स्वतःचे घड्याळ असते, आणि घरच्या माणसाला ते पाठ असते. बाहेरून येणाऱ्यावर घरच्या माणसाची सगळ्यांत मोठी आघाडी हीच. प्राजक्त रात्री उमलतो आणि उजाडताना खाली पडलेला असतो. त्याचे चित्र झाडावर शोधण्यात अर्थ नाही, ते शेणाने सारवलेल्या जमिनीवर असते, पांढरी पाकळी खाली आणि केशरी देठ वर. जास्वंद सकाळी उघडते आणि बहुधा एका दिवसात मिटते. चिनी गुलाबाला कडक ऊन लागते. कचेऱ्या उघडायच्या वेळेला तो उमलतो म्हणून त्याला ‘ऑफिस टाइम’ म्हणणारीही घरे आहेत. गुलबक्षी दिवस कलल्यावर, गुरे घरी परतायच्या सुमारास उघडते. ब्रह्मकमळ रात्री उमलते आणि सकाळी मान टाकते, म्हणून त्या रात्री गल्लीतली मुले जागी राहतात आणि घरात येणे-जाणे सुरू असते. शेवंती तर दिवसाच्या वेळेवरही समाधानी नाही, तिला रात्र मोठी व्हावी लागते; कार्तिक उजाडल्यावर ती खरी बहरते.

प्रकाशाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. तामलवाडी साधारण १७.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलै संपून ऑगस्ट लागताना सूर्य इथे भर दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पायाशीच नाहीशी होते. ऑगस्टमधला तो दिवस बहुधा ढगांत जातो. मेमधला मात्र पांढऱ्याशुभ्र आकाशाखाली. अशा उन्हात फुलाच्या वरच्या पाकळ्या जळल्यासारख्या पांढऱ्या येतात आणि गाभ्यात काळोख साचतो. उन्हाळ्यात उजाडल्यापासून आठपर्यंत आणि सायंकाळी साडेपाचनंतर, एवढाच वेळ हाती असतो. दुपारीच फोटो घ्यायचा असेल, चिनी गुलाबासाठी तो दुपारीच घ्यावा लागतो, तर जुने पांढरे धोतर दोघांनी झाडावर ताणून धरावे. सुती धोतरातून उतरणारे ऊन मऊ होते, आणि पैसे देऊन आणलेला कोणताही पडदा यापेक्षा फार वेगळे काही करत नाही. गाभ्यातला काळोख घालवायला समोरून पांढरा कागद किंवा थर्माकोलचा तुकडा धरावा. स्टीलचे ताट धरू नये. त्याचा कवडसा पाकळीवर पट्टा उमटवतो.

आता रंग. या पुस्तकाचा मोठा भाग रंगासाठी आहे, कारण कॅमेरा सगळ्या रंगांना सारखा न्याय देत नाही.

लाल जास्वंदीचा फोटो प्रत्येकाने काढलेला असतो आणि बहुतेकांच्या फोटोत ती सपाट दिसते. पाकळीच्या शिरा, कडेची चुणी, गाभ्याजवळचा काळपट डाग हे सगळे एका लाल थराखाली बुडते. याचे कारण कॅमेऱ्याच्या रचनेत आहे. सेन्सरवरच्या लक्षावधी बिंदूंवर रंगीत गाळण्या बसवलेल्या असतात. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची; तिचे पेटंट १९७६ चे, आणि आजच्या बहुतेक मोबाइलमध्ये तिचीच रूपे आहेत. त्यात निम्म्या गाळण्या हिरव्या, पाव लाल आणि पाव निळ्या असतात, कारण माणसाच्या डोळ्याला बारकावा सर्वांत जास्त हिरव्याच्या आसपास कळतो. लालभडक फुलाचा बारकावा मग मुख्यतः पाव बिंदूंवर येऊन पडतो. वर मोबाइल आजूबाजूच्या गडद पानांकडे पाहून एकंदर उजेड वाढवतो, ते पाव बिंदू काठोकाठ भरतात आणि लालातल्या छटा संपतात. म्हणून फुलावर बोट ठेवावे आणि शेजारी उमटणारे सूर्याचे चिन्ह खाली ओढावे. पाने काळपट होतील, होऊ द्यावीत. जास्वंदीच्या शिरा परत येतात. झेंडूलाही हाच उपाय. त्याच्या पाकळ्यांची दाटी नाहीतर एकच केशरी गोळा होऊन बसते.

गोकर्णाची अडचण वेगळी आहे. डोळ्याला तो निळा दिसतो, फोटोत जांभळट येतो. अशी निळी फुले लाल रंगाच्या अगदी टोकाचा, आपल्या डोळ्याला जेमतेम जाणवणारा प्रकाशही परत पाठवतात. डोळा तो सोडून देतो, कॅमेरा थोडाफार टिपतो, आणि निळ्यात तांबडा मिसळतो. सकाळच्या सावलीत हा दोष बराच कमी होतो, कारण सावलीतल्या उजेडात आकाशाची निळाई जास्त असते. अबोलीचा तो फिकट केशरी-गुलाबी तर मला आजवर कोणत्याही पडद्यावर पुरता समाधानाने दिसलेला नाही. तगरीचे पांढरेपण आजूबाजूच्या भिंतीवर अवलंबून असते: गुलाबी रंग दिलेल्या भिंतीशेजारी ती गुलाबी झाक घेते, हिरव्या शेडनेटखाली हिरवी. पांढऱ्या फुलाचा फोटो घ्यायचा तर आधी त्याच्यावर कुठल्या भिंतीचा उजेड पडतो ते बघायचे.

लाल फुलाशी कॅमेऱ्याचे हे वाकडे फार जुने आहे. सुरुवातीच्या फोटोच्या काचांना निळ्या-जांभळ्यापलीकडचे जवळजवळ काहीच कळत नसे; लाल वस्तू त्यांच्यावर काळी येई. तरीही १८६१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून घेतलेली तीन चित्रे एकावर एक टाकून रंगीत रिबिनीचे चित्र पडद्यावर उभे केले. लाल न ओळखणाऱ्या काचेवर लाल आला कसा, याचे उत्तर शंभर वर्षांनी मिळाले: रिबिनीचा लाल भाग अतिनील किरणही परतवत होता, ते लाल गाळणीतून आत शिरले आणि काचेने तेच टिपले. १८७३ मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांनी काचेवरच्या लेपात रंगद्रव्य मिसळून तिला हिरव्याचीही ओळख करून दिली. १९०७ मध्ये ल्युमिएर बंधूंच्या ऑटोक्रोम काचा बाजारात आल्या. बटाट्याच्या स्टार्चचे बारीक कण नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगांत रंगवून ते काचेवर पसरलेले असत आणि त्यांच्यातून गाळून येणाऱ्या प्रकाशाने रंग उमटे. त्या कणांच्या जागी आज बायर यांच्या गाळण्या आहेत. आणि अतिनीलाची गोष्ट अंगणातही चालूच आहे: मधमाशीला लाल दिसत नाही पण अतिनील दिसते, त्यामुळे आपल्याला एकरंगी वाटणाऱ्या कित्येक पाकळ्यांवर तिला गाभ्याकडे नेणाऱ्या खुणा दिसतात. जास्वंदीवर मधमाशीपेक्षा शिंजीर जास्त घिरट्या घालतो, त्याचेही एक कारण या लालातच आहे.

यानंतर मी ज्या मुद्द्यावर येतो त्यावर अनेक छायाचित्रकार माझ्याशी सहमत होणार नाहीत. फुलाच्या फोटोत मागचे सगळे पुसून टाकायची आज सवय झाली आहे. काळी पार्श्वभूमी, किंवा साय धरल्यासारखा धूसर हिरवा पडदा, आणि मधोमध एकटे फूल. मोबाइलचा पोर्ट्रेट मोड हे काम आपणहून करतो आणि वाईट करतो: तो फुलाची कड अंदाजाने ओळखतो आणि जास्वंदीचे पुढे आलेले केसर, कृष्णकमळाचे तंतू यांवरच बोळा फिरवतो. पण तो अचूक झाला तरी माझा आक्षेप राहतोच. तामलवाडीच्या दारातले फूल एकटे काढले की ते कुठलेही होते. ज्या पाण्यावर ते आले ते पाणी दिसत नाही, ज्या डब्यात ते लावले तो डबा दिसत नाही.

फूल एकटे काढण्याची परंपरा थोर आहे, हे मला मान्य आहे. बर्लिनचे कार्ल ब्लॉसफेल्ट कलाशाळेत शिकवत. स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्याने त्यांनी रेल्वेच्या कडेची, पडीक जागेतली साधी झाडे कित्येक पटींनी मोठी करून दाखवली; १९२८ मध्ये त्यांचे पुस्तक आले आणि वनस्पतीचा आकार जगाने नव्याने पाहिला. कॅलिफोर्नियाच्या इमोजेन कनिंगहॅम यांची गोष्ट तर घरच्या बागेचीच आहे. १९२० च्या दशकात तीन लहान मुलगे सांभाळताना त्यांना घराबाहेर पडता येत नव्हते, म्हणून त्या अंगणातली झाडे टिपू लागल्या. मॅग्नोलियाचे त्यांचे १९२५ च्या सुमाराचे चित्र त्याच दिवसांतले आहे. त्या चित्रात घर नाही, मुले नाहीत. पाकळ्या आणि गाभा एवढेच आहे, आणि ते परिपूर्ण आहे. पण दोघांचीही चित्रे कृष्णधवल आहेत. कृष्णधवलात आकार एकटा उभा राहू शकतो. रंगाला शेजार लागतो. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाईचे काम पाहणारे शेव्रल यांच्याकडे तक्रार आली होती की काळा धागा काळा दिसत नाही. त्यांनी शोध घेतला तेव्हा दोष धाग्यात नव्हता, त्याच्या शेजारच्या रंगांत होता. १८३९ मध्ये त्यांनी यावर ग्रंथच लिहिला. सोलापूरच्या विणकराला हे हातानेच ठाऊक असते.

आणि या भागातल्या घरांकडे शेजार म्हणून द्यायला किती चांगले रंग आहेत! शहाबादी फरशीचा करडा रंग कुणाच्याही मध्ये येत नाही. ती ओली केली की काळीनिळी होते आणि तिच्यावर झेंडू पेटल्यासारखा दिसतो. नीळ घातलेल्या चुन्याची भिंत केशरी आणि पिवळ्या फुलांसाठी याहून चांगली मिळणार नाही. गोकर्णाच्या निळ्यामागे ज्वारीच्या कडब्याची गंज असली तर दोन्ही रंग वर येतात. पत्र्याच्या पन्हळी, माळवदाच्या भिंतीचे दगड, सारवणाचा तपकिरी-हिरवा हे सगळे फुकट मिळते. ते कमीही होत आहे. १९९३ च्या सप्टेंबरातल्या भूकंपानंतर या पट्ट्यात दगडमातीच्या माळवदाखाली झोपायची भीती बसली, ती रास्त होती, आणि पत्र्याची व सिमेंटची घरे वाढली. आज माळवदाच्या भिंतीशेजारची जास्वंद टिपली तर त्या चित्रात दोन गोष्टींची नोंद होते.

एवढ्यासाठी मोबाइल फुलापासून थोडा मागे घ्यावा. फूल चौकटीच्या तिसऱ्या हिश्शात बसले तरी चालते. उरलेल्या जागेत डब्याची कड, ओल्या आळ्याची माती, दोरीवरच्या लुगड्याचा काठ येऊ द्यावा. अव्यवस्था मात्र येऊ देऊ नये. गुटख्याची पुडी किंवा प्लॅस्टिकची पिशवी उचलून टाकावी, आणि मग ती पुन्हा तिथे टाकू नये. वाऱ्याने फांदी हलत असेल तर थांबावे. आषाढात या माळावर वारा दिवसभर थांबत नाही, फक्त पहाटे थोडा पडतो.

सह्याद्रीच्या रानफुलांना त्यांचे नोंदकार मिळाले. पुण्याचे श्रीकांत इंगळहळीकर व्यवसायाने अभियंता. त्यांचे ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ २००१ मध्ये आले आणि हौशी माणसाच्या हाती रानफूल ओळखायचे साधन पडले. पश्चिम घाटातल्या जागांबरोबर कासचे पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले आणि दर सप्टेंबरला तिथे गर्दी लोटते. घरातल्या फुलांची अशी मोजदाद कुणी ठेवलेली नाही. दारची जास्वंद कुणाला दुर्मीळ वाटत नाही, म्हणून ती नोंदली जात नाही. पण गावठी गुलाब, छोट्या फुलांची जुनी पिवळी शेवंती, एकेरी पाकळ्यांचा तेरडा ही झाडे अंगणांतून हळूहळू निघून रोपवाटिकेतली भरघोस, गंध नसलेली झाडे त्यांच्या जागी येत आहेत. ती येऊ नयेत असे मी म्हणत नाही. जुनी गेली तेव्हा ती कशी दिसत होती हे सांगता यावे, एवढे म्हणतो.

त्यासाठी फोटोखाली तीन गोष्टी लिहाव्यात: तारीख, झाड कोणत्या पाण्यावर आहे, आणि ते कुठून आले. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे ऐकण्यासारखी असतात. अंगणातली झाडे विकत आणलेली फार थोडी. माहेरून येताना ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली मोगऱ्याची फांदी, जावेने दिलेले ब्रह्मकमळाचे पान, तुळजापूरला जाताना कुणाच्या दारी मागितलेले झेंडूचे वाळके फूल, शाळेतून मुलाने खिशात भरून आणलेल्या गुलबक्षीच्या काळ्या बिया. फोटो काढता काढता विचारले तर बायका या फांद्यांचा प्रवास तीन-तीन गावे मागे नेतात. तो लिहून ठेवला नाही तर त्या झाडाचे अर्धे चित्र गेले.

वर्षाचा सगळ्यांत श्रीमंत काळ पोळ्यापासून मार्गशीर्षापर्यंत. गौरींना तेरडा, पितृपंधरवडा संपला की नवरात्र, मग दसरा. नवरात्रात अंगणातली फुले घटाच्या रोजच्या माळेला लागतात आणि पुरत नाहीत. दसऱ्याला झेंडू दाराला, वाहनाला, विळ्या-कोयत्याला. त्यानंतर पाच दिवसांनी अश्विन पौर्णिमा येते. सोलापूरहून आणि पलीकडे कर्नाटकातून लोक पायी तुळजापूरला निघतात, रस्ता वाहनांना बंद होतो आणि तामलवाडीवरून रात्रंदिवस माणसे चालत जातात. त्या दिवसांत रस्त्याकडेच्या घरांतले लोक चालणाऱ्यांना पाणी देतात, चहा देतात, ओट्यावर बसू देतात. चांदण्यात, दिव्यांच्या उजेडात दारावरच्या अर्धवट सुकलेल्या झेंडूच्या तोरणाखालून जाणारे पाय हे चित्र घेण्यासारखे आहे. मोबाइल ओट्याच्या कडेला टेकवून स्थिर ठेवावा, रात्रीच्या मोडला तीन-चार सेकंद द्यावे; तोरण स्थिर येते, माणसे पुसट येतात. फ्लॅश वापरू नये. चालून थकलेल्या माणसाच्या डोळ्यांवर तो मारणे बरे नव्हे, आणि केशरी रंग त्याने पिवळा पडतो.

पुस्तकाची मांडणी मृगापासून आहे, कारण इथले फुलांचे वर्ष तिथे सुरू होते. वैशाखाचे प्रकरण सर्वांत लहान आहे: बोगनवेल, कण्हेर, सदाफुली, आणि पाणी तोडावे लागलेली काही झाडे. ती मुद्दाम ठेवली आहेत, कारण कोणत्या झाडाचे पाणी आधी तोडले आणि कोणाचे शेवटपर्यंत राखले यावरून त्या घराचा जीव कशात होता ते कळते. फुलांची नावे घरांत म्हणतात तीच दिली आहेत. छायाचित्रे मोबाइलवरच काढली आहेत, म्हणजे वाचकाला स्वतः करून पाहताना साधनाची सबब राहत नाही.

छपाईबद्दल एक सांगून ठेवतो. पुस्तक चार शाईंत छापले जाते, आणि गोकर्णाचा निळा, झेंडूचा गडद केशरी आणि बोगनवेलीचा राणी रंग या चार शाईंच्या आवाक्यात पूर्णपणे येत नाहीत. ते थोडे मंद होतात. आपल्या अंगणातले फूल तोडून पानाशेजारी ठेवले तर हा फरक दिसेल. पानावरचा रंग भडक करून तो भरून काढता आला असता, पण तसे केले की पाकळीच्या शिरा पुन्हा बुडतात, म्हणून रंग आहे तसाच मंद ठेवला आहे.